सही मुलाची, शस्त्रक्रिया आईची: परिचर्येच्या पहिल्या वर्षातील एक प्रश्न

प्रश्न: प्रथम वर्ष विद्यार्थिनी, खानदेश

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकते. कायदा, नीतितत्त्वे, परिचर्येचा इतिहास आणि रुग्णाची सांस्कृतिक पार्श्वभूमी असे चार भाग आम्हाला पायाभूत अभ्यासक्रमात आहेत आणि चारही भागांची माझी टिपणे तयार आहेत. गेल्या महिन्यात स्त्री शस्त्रक्रिया कक्षात ड्यूटी असताना जे घडले, ते मात्र यांपैकी कोणत्या भागात बसवायचे हे मला अजून उमगलेले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

पन्नाशीच्या एक बाई गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत्या आणि सकाळी त्यांना थिएटरमध्ये पाठवण्याची तयारी माझ्याकडे होती. बांगड्या आणि जोडवी निघाली. मंगळसूत्र काढायला मात्र त्या काही केल्या तयार होईनात. शेवटी कक्षातल्या मावशींनी कुठून तरी हळकुंड पैदा केले, ते दोऱ्यात ओवून बाईंच्या मनगटाला बांधले आणि मग त्यांनी स्वतःच मंगळसूत्र काढून दिले. ते मुलाच्या ताब्यात देऊन रजिस्टरमध्ये त्याची सही घेतली. मी गाऊनच्या नाड्या बांधत असताना बाईंनी हळूच विचारले, "पोरी, माझ्या पोटातलं नक्की काय काढणार आहेत?"

मी केसपेपर उघडून पाहिला. संमतीपत्र इंग्रजीत छापलेले होते. त्यावर मुलाची सही होती, साक्षीदार म्हणून आमच्या स्टाफ सिस्टरांची सही होती आणि बाईंचा साधा अंगठाही नव्हता. मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सही झाली आहे ना? मग पाठव." बाहेर मुलगा उभा होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितले की आईला गाठीविषयी काही बोलू नका, ती घाबरून जाईल. मी बाईंना "डॉक्टर सांगतील" एवढेच म्हटले आणि ट्रॉलीबरोबर गेले.

मुलाची सही कायद्याने चालते का? बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे काम होते की डॉक्टरांचे? मुलाचे ऐकून गप्प राहणे म्हणजे रुग्णाशी खोटे बोलणे होते का? आणि एक शंका थोडी उद्धट वाटेल, पण विचारतेच: अशा वेळी आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेलबाईंच्या जन्मतारखेचा मला काय उपयोग?

उत्तर १: वकील, वैद्यकीय प्रकरणे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, त्यामुळे तिथून सुरुवात करतो. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्या रुग्णानेच द्यायची असते. मुलगा, नवरा किंवा आई यांची सही तिच्या जागी चालत नाही. आपल्या रुग्णालयांत 'नातेवाईकांची सही' नावाचा जो रिवाज आहे, तो बिलाच्या आणि भांडणाच्या भीतीतून आलेला आहे, कायद्यातून आलेला नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगाला अगदी जवळचा खटला म्हणजे समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल जानेवारी २००८ मध्ये दिला. ४४ वर्षांच्या अविवाहित समीरा कोहली मे १९९५ मध्ये मासिक पाळीच्या अतिरक्तस्रावाच्या तक्रारीसाठी गेल्या आणि दुर्बिणीने तपासणी करण्याला त्यांनी संमती दिली. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेण्यात आली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही. रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारले पाहिजे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चांगल्या हेतूने केली असे मानूनही न्यायालयाने त्यांना शुल्क नाकारले आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ वाटेल, पण संमती म्हणजे काय याची व्याख्या या निकालात सविस्तर आली. उपचाराचे स्वरूप व हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे रुग्णाला समजेल अशा रीतीने सांगितले गेले पाहिजे. तुमच्या बाईंना आपल्या पोटातले काय काढणार हेच ठाऊक नव्हते, म्हणजे यातली पहिलीच पायरी गळालेली आहे.

जिवावर बेतलेले असेल आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर संमतीसाठी उपचार अडवता येत नाहीत, हा अपवाद अर्थातच आहे. याच्या उलट टोकाचा एक गैरसमजही येथेच दूर करतो, कारण तो कक्षात रोज भेटतो: कायदेशीर गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही १९७१ चा कायदा मागतच नाही.

आता साक्षीदाराच्या सहीकडे वळू. तुमच्या स्टाफ सिस्टरांना ती बहुधा औपचारिकता वाटली असेल. प्रत्यक्षात त्या सहीने त्या असे सांगत आहेत की ही सही अमुक व्यक्तीने माझ्यासमोर स्वखुशीने केली. शस्त्रक्रिया समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे आणि ती परिचारिकेने आपल्या अंगावर घेऊ नये. मात्र रुग्णाला काही कळलेले नाही हे परिचारिकेच्या लक्षात आले, तर डॉक्टरांना तसे कळवणे आणि ते लिहून ठेवणे हे तिचे काम आहे. म्हणजे बाईंना उत्तर न देणे हे तुमचे चुकले नाही. "डॉक्टर सांगतील" म्हणताना ते खरोखर सांगतील याची व्यवस्था झाली नाही, एवढीच त्रुटी राहिली, आणि ती विद्यार्थिनीची कमी व कक्षाची अधिक होती.

परिचारिका 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून' वागली की ती सुटते, असे मानणारे पुष्कळ आहेत, म्हणून दोन गोष्टी जोडतो. टायफॉईडसाठी दाखल झालेल्या एका लहान मुलाला परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिले, मूल तत्काळ कोसळले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी वेगळे पाच लाख रुपये ही भरपाई कायम केली. परिचारिकेची चूक रुग्णालयाच्या खात्यावर गेली हे खरे, पण तिच्या पात्रतेचीही तिथे चिकित्सा झाली. दुसरी गोष्ट अधिक ताजी आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या दंड संहितेत सर्वांना सारखीच, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली असून दोन वर्षांची मर्यादा केवळ 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' यांच्यासाठी राखली आहे. त्या शब्दाची व्याख्या वाचा. तीत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेले डॉक्टरच येतात, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली परिचारिका येत नाही. एकाच खाटेशी उभ्या असलेल्या दोघांना कायदा दोन वेगवेगळ्या मापांनी मोजतो, आणि या विषमतेविरुद्ध परिचारिका संघटनांनी जितका आवाज उठवायला हवा होता तितका उठवलेला मला तरी ऐकू आलेला नाही.

उत्तर २: निवृत्त परिसेविका, मुंबई

वकीलसाहेबांनी कायदा नेमका सांगितला आहे. मी ३४ वर्षे कक्षात काढली, त्यामुळे "सही झाली आहे ना? मग पाठव" हे वाक्य कुठून येते ते मला माहीत आहे. थिएटरची यादी आठ जणींची असते, खाली ट्रॉली थांबलेली असते, कक्षात ४० खाटांना दोन स्टाफ असतात आणि वरून फोन येत असतो. मीही ते वाक्य उच्चारलेले आहे. इन्चार्ज सिस्टर वाईट होत्या असे समजू नका. पण म्हणून त्या बरोबर होत्या असेही समजू नका.

रुग्णाच्या वतीने कोण बोलणार, हा तुमच्या प्रसंगाचा गाभा आहे, आणि त्या प्रश्नाचे या देशातले सर्वांत मोठे उदाहरण परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले आहे. अरुणा शानभाग ही मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची, के.ई.एम.मध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली असताना तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आली नाही. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्या खटल्यात आलाच नाही. नीतितत्त्वांच्या तासाला या एका गोष्टीवर थांबून विचार करायला हवा: मुलीची बदनामी होऊ नये म्हणून जे गाळले गेले, त्याने नेमके कोणाचे रक्षण झाले?

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, के.ई.एम.च्या परिचारिकांनी तिला सांभाळले. तिची पाठ घासणाऱ्या अनेक जणी तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही तिला बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने निकालात मुद्दाम नोंद घेतली. हे वाचून वकिलांना कौतुक वाटेल; परिचारिकेला त्यामागचे हात दिसतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची एकही सुरकुती कमरेखाली राहू द्यायची नाही, टाचा गादीवरून उचलून ठेवायच्या, ओले झाले की लगेच कोरडे करायचे, त्वचा लाल दिसली की तिथे चोळायचे नाही आणि त्या कुशीवर पुन्हा लगेच वळवायचे नाही. हे दिवसपाळी, दुपारपाळी आणि रात्रपाळी न चुकता करायचे, आणि तेही चार दशके.

तिला दयामरण द्यावे यासाठी एका लेखिकेने याचिका केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणाची खरी 'सुहृद', म्हणजे तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली बाजू, के.ई.एम.चे कर्मचारी आहेत असे ठरवले. रोज हात लावणाऱ्या माणसांना रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळाला, हा निकाल म्हणूनच माझ्या पिढीच्या परिचारिकांनी छातीशी धरला.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. अशा वेळी इन्चार्जशी वाद घालू नका, तो तुम्ही हराल. नर्सेस नोट्समध्ये वेळेसह लिहा: "सकाळी ८.१०. रुग्णाने कोणती शस्त्रक्रिया होणार आहे असे विचारले. संमतीपत्रावर रुग्णाची सही नाही. ८.१५ वाजता इन्चार्ज सिस्टर व ड्यूटीवरील डॉक्टरांना कळवले." विद्यार्थिनीने हे स्टाफला दाखवून आणि तिची सही घेऊनच लिहावे. लिहिताना चुकले तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करा. पांढरी शाई लावायची नाही आणि पान फाडायचे तर मुळीच नाही. अशी नोंद झाली की बहुतेक वेळा डॉक्टर दोन मिनिटे काढून खाटेशी येतात. मी हे अनेकदा घडलेले पाहिले आहे.

उत्तर ३: पाठ्यनिर्देशिका, पुणे

शंका उद्धट नाही, आणि जन्मतारीख पाठ करायला लावणाऱ्या आम्हा शिक्षकांना ती ऐकवायलाच हवी होती. तारीख सोडा. "मग पाठव" या दोन शब्दांत इतिहास कसा भरलेला आहे तेवढे पाहा.

दीपप्रज्वलनाच्या दिवशी तुम्ही जी नाइटिंगेल शपथ घ्याल, ती नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉईट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली, आणि डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन तीत आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली नीतिसंहिता केली, त्यातही डॉक्टरांच्या आज्ञा समजून-उमजून आणि निष्ठेने पाळण्याचे कलम होते. १९७३ च्या सुधारणेत ते मागे पडले आणि परिचारिकेची प्रथम जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्या माणसांशी आहे, असा शब्दप्रयोग आला. तुमच्या इन्चार्ज सिस्टर कोणत्या सालात काम करत होत्या ते आता तुम्हीच ठरवा.

नाइटिंगेल स्वतः आज्ञाधारकतेसाठी नव्हे, तर आकड्यांसाठी वाचाव्यात. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, पण येथील लष्करी छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांनी १८६३ च्या सुमारास दाखवून दिले की हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांचा मृत्युदर हजारी ६९ आहे आणि त्यामागे लढाया नसून गटारे, पाणी आणि कोंदट बराकी आहेत. नोंद ठेवणे हे परिचर्येचे हत्यार आहे, हे त्यांच्याकडून घ्यायचे.

आपला स्वतःचा इतिहास मात्र पुण्यातच आहे, आणि तो तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उभारला आणि सावित्रीबाई तेथे शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून तेथे आणले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाचा स्पर्श त्या काळी बहुतेकांना वर्ज्य होता, त्याला पाठीवर घेणारी ही स्त्री आमच्या परीक्षेत दोन गुणांच्या टिपेपुरती उरते, याचा मला राग येतो.

त्याच मार्च महिन्यात, त्याच शहरात, रँडच्या प्लेग समितीची मोहीम सुरू झाली. गोरे सोल्जर घरांत शिरत, माजघरापर्यंत जात, देवघरे उघडत, संशयितांना उचलून नेत आणि बायकांची चारचौघांत तपासणी करत. हेतू साथ आटोक्यात आणण्याचाच होता आणि नुकताच झालेला साथरोग कायदा त्यांच्या पाठीशी होता. तरीही लोक रुग्ण लपवू लागले आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. स्पर्श दोन्हीकडे होता, रोगही एकच होता. एका स्पर्शाला माणसांनी जवळ केले आणि दुसऱ्याला विरोध केला. यातला फरक वैद्यकीय नाही. बाईंच्या मंगळसूत्राला हात घालण्याआधी हळकुंड शोधणाऱ्या तुमच्या मावशींना तो फरक पुस्तक न वाचता कळला होता. (सन २०२० मध्ये त्याच १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे अजामीनपात्र गुन्हा ठरले. ज्या कायद्याने लोकांच्या घरात शिरण्याची मुभा दिली होती, त्यालाच सव्वाशे वर्षांनी आमचे संरक्षण करावे लागले.)

यापुढचा धागा रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाचा. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारे काम म्हणून समाजाने नाक मुरडले होते. तो कलंक पुरता गेलेला नाही, हे लग्नाच्या बैठकीत "मुलीला नाईट ड्यूटी असते का?" असे विचारले जाते तेव्हा कळते.

उत्तर ४: परिचारिका, वेदनाशामक उपचार विभाग, गोवा

सगळे जण संमतीपत्रावर बोलले. मला त्या मुलाविषयी बोलायचे आहे, कारण तो खलनायक नाही.

आमच्या विभागात "आईला सांगू नका" हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. त्यावर 'माहिती रुग्णाच्या मालकीची आहे' असे कायद्याचे उत्तर त्या मुलाच्या तोंडावर फेकले, तर तो आईला घेऊन निघून जातो, आणि नंतर ती वेदनेने तळमळत असताना कोणीच तिच्याजवळ नसते. उलट त्याचे मुकाट्याने ऐकले, तर आई सगळे ओळखून असते आणि मुलगा दुखावेल म्हणून काही कळले नसल्याचे नाटक करते. मग दोघेही एकमेकांपासून लपून रडतात. स्वायत्तता, म्हणजे स्वतःविषयी स्वतः ठरवण्याचा हक्क, या तत्त्वाचा अर्थ रुग्णावर माहिती लादणे असाही होत नाही. म्हणून आम्ही आधी रुग्णालाच विचारतो: "तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगावं, की घरातल्या कोणाशी बोलावं?" काही बाया म्हणतात, "मुलाशी बोला, मला डोक्याला ताप नको." हाही त्यांनी स्वतः घेतलेला निर्णयच आहे, तो केसपेपरवर त्यांच्या शब्दांत लिहिला जातो. काही बाया मात्र दाराकडे एकदा पाहून हळू आवाजात म्हणतात, "मला सांगा, पण त्याला कळू देऊ नका की मला माहीत आहे." शस्त्रक्रियेची संमती मात्र अशी दुसऱ्यावर सोपवून निभत नाही, तेथे निदान काय कापणार आणि का, एवढे रुग्णाच्या कानावर जायलाच हवे, याबाबत मी वकीलसाहेबांशी सहमत आहे.

तेव्हा विद्यार्थिनीने गप्प राहणे हे खोटे बोलणे नव्हते. बाईंनी थेट "मला गाठ आहे का?" असे विचारले असते आणि तिने "छे, काही नाही" म्हटले असते, तर ते खोटे ठरले असते. निदान जाहीर करणे परिचारिकेचे काम नाही आणि ते नाकारणेही नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" एवढे विचारून खाटेशी बसता येते. त्या दोन मिनिटांत बहुतेक वेळा रुग्णच सांगतो की त्याला कशाची धास्ती आहे, आणि ती निदानाची नसून घरी गुरांना चारा कोण घालणार याची असते.

निवृत्त ताईंच्या एका मुद्द्याशी मात्र मी आदराने असहमत आहे. के.ई.एम.च्या परिचारिकांच्या सेवेला तोड नाही. तरी अरुणाला स्वतःला काय हवे होते, हे त्या निकालानंतरही कोणालाच कळले नाही. तिच्याऐवजी आपण प्रेमाने बोललो. तिचा मुलगा असता आणि तोही प्रेमानेच बोलला असता, तर आपण त्याला बाजूला सारले असते का? परिचारिकेचे प्रेमही 'नातेवाईकांची सही' होऊ शकते. त्या निकालाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः खुली केली, पुढे मार्च २०१८ मध्ये घटनापीठाने प्रत्येकाला आगाऊ लेखी इच्छा नोंदवण्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी करून न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती करण्याची मुभा दिली. माणूस बोलू शकतो तेव्हाच त्याला विचारून ठेवा, एवढाच त्याचा रोख आहे. तुमच्या कक्षातल्या बाई तर बोलत होत्या, आणि प्रश्नही त्यांनीच विचारला होता.

संस्कृतीच्या धड्यात 'रुग्णाच्या श्रद्धांचा आदर करावा' असे एक गुळगुळीत वाक्य असते. त्याचा कस कधी लागतो ते सांगते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजोबांच्या तोंडात घरच्यांना गंगाजल आणि तुळशीपान घालायचे असते. आजोबांना गिळता येत नसते, पाणी श्वासनलिकेत गेले तर ते गुदमरून जातील. 'नको' म्हटले तर घरच्यांना आयुष्यभराची रुखरुख, 'घाला' म्हटले तर आपल्या हातून अपाय. आम्ही डोके थोडे उंच आणि एका कुशीवर करतो, कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून पिळतो आणि मुलीच्या हाताने आजोबांचे ओठ आतून-बाहेरून ओले करायला लावतो. तुळशीपान उशाशी, हाताला लागेल असे ठेवतो. हित, अहित, आदर हे सगळे शब्द त्या एका बोळ्यात येतात, पण आमच्या परीक्षेत तो बोळा कधी विचारत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बाईंची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली आणि गाठ साधी निघाली, हे सांगायचे राहिले होते. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी डॉक्टरांना विनंती केली, तेव्हा त्यांनी पाच मिनिटे बसून काय काढले ते बाईंना कागदावर चित्र काढून सांगितले. बाईंनी तो कागद घडी घालून बटव्यात ठेवला. आधी कोणी सांगितले असते तर रात्रभर जागले नसते, एवढेच त्या म्हणाल्या.

आता एक अडचण उरते. आमच्याकडे सातपुड्यातून येणाऱ्या बऱ्याच बाया पावरी ही आदिवासी बोली बोलतात. डॉक्टरांना ती येत नाही आणि मलाही नीट येत नाही. कक्षात एक मावशी पावरी जाणतात, पण रुग्णाच्या खासगी गोष्टी त्यांच्या तोंडून जाव्यात का? आणि रुग्णाची शाळकरी मुलगीच सोबत असेल तर तिच्याकडून दुभाष्याचे काम करून घ्यावे का?

वकील, वैद्यकीय प्रकरणे

शाळकरी मुलीकडून कदापि नको. आईच्या गर्भाशयाविषयीचे वाक्य मुलगी पूर्ण उच्चारणारच नाही, आणि जे तिने गाळले ते रुग्णाला सांगितले गेले असे तुम्ही समजाल. मावशी चालतील, मात्र गोपनीयतेची जबाबदारी त्यांच्यावरही येते हे त्यांना आधी समजावून सांगा. विषय एच.आय.व्ही.चा असेल तर अधिक सांभाळा, कारण २०१७ च्या कायद्याप्रमाणे तपासणीला रुग्णाची माहितीपूर्ण संमती लागते आणि ती माहिती इतरांना उघड करण्यावर कडक बंधने आहेत. खाटेच्या पायथ्याशी लाल अक्षरांत शेरा लटकवणे हीसुद्धा माहिती उघड करणेच झाले.

निवृत्त परिसेविका, मुंबई

मावशींना डॉक्टरांच्या शेजारी नव्हे, रुग्णाच्या शेजारी बसवा आणि डॉक्टरांना एका वेळी एकच वाक्य बोलायला सांगा. शेवटी बाईंनाच विचारा की आता घरी गेल्यावर तुम्ही बहिणीला काय सांगाल. त्या पावरीत जे सांगतील ते मावशींकडून पुन्हा मराठीत ऐका. तिथे घोटाळा असेल तर लगेच कळतो. संमतीपत्रावर अंगठ्याशेजारी बाईंचे नाव लिहा आणि साक्षीदाराच्या सहीखाली आणखी एक ओळ घाला: पावरी भाषेतून समजावून सांगितले, सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा, वेळ. छापील नमुन्यात त्यासाठी जागा नसते, म्हणून समासात लिहा.

गोव्याच्या ताईंच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार करत आहे. अजून पटलेला नाही, पण खोडताही आलेला नाही.